डेबियन १३ मधलं एपीटी ३.०: डिपेंडन्सीत उत्तम, ट्रिगरमध्ये काठावर पास

लिनक्सवर आधारलेलं डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला प्रसिद्ध झालं आणि एपीटी या त्याच्या पॅकेज मॅनेजरची ३.० मालिका स्थिर शाखेत आली. हे परीक्षण एपीटी आणि त्याच्या हाताखाली राबणाऱ्या, पॅकेजं प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीचं आहे. पण रोजच्या इन्स्टॉलचं नाही. बुकवर्मवरून (डेबियन १२) ट्रिक्सीवर जाताना अपग्रेड अर्ध्यात अडलं तर ही जोडगोळी बाहेर पडायला किती मदत करते, एवढंच इथे तपासलं आहे. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा कुठलाही पॅकेज मॅनेजर गुणीच दिसतो.

निकाल आधीच सांगून टाकतो. डिपेंडन्सी, म्हणजे कुठल्या पॅकेजला दुसरं कुठलं लागतं, ते पाहून काय काढायचं, काय घालायचं हे ठरवण्यात एपीटी ३.० खरोखर सुधारलं आहे. अर्धवट राहिलेलं काम नेमकं कुठे थांबलं याची नोंद डीपीकेजी आजही चोख ठेवतं. पण ट्रिगर (अनेक पॅकेजांसाठी शेवटी एकदाच उरकलं जाणारं काम) बिघडला की पडद्यावर येणारा संदेश बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी देतो. नाव छापलं जातं एका पॅकेजचं, दुखणं असतं दुसरीकडे. ते कसं ओळखायचं यातच या परीक्षणाचा निम्मा भाग जाईल. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टंकायची.)

पहिली चांगली गोष्ट डोळ्यांना दिसते. काय होणार आहे ती यादी आता स्तंभांत आणि रंगांत येते. काढली जाणारी पॅकेजं लाल रंगात वेगळी उठून दिसतात. हा नुसता नट्टापट्टा नव्हे. फुल-अपग्रेडमध्ये हजारभर नावं सरकत जातात आणि त्यात डेस्कटॉपचं मूळ पॅकेज ‘काढणार’ गटात आहे हे जुन्या सपाट मजकुरात हमखास निसटायचं. २०२१ मध्ये एका नामांकित यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम घालताना सगळा डेस्कटॉपच उडवला, तेव्हाही इशारा पडद्यावर होताच. त्यानंतर एपीटीने अत्यावश्यक पॅकेज काढण्याची वाट आणखी अवघड केली.

दुसरी सुधारणा आतली. जुना सॉल्व्हर, म्हणजे कुठली पॅकेजं एकत्र नांदतील हे ठरवणारा भाग, एकदा घेतलेल्या निर्णयावरून सहसा मागे येत नसे. नवा सॉल्व्हर कोंडी झाली की मागे येतो आणि दुसरी वाट धरून पाहतो. ट्रिक्सीत वेगळं सांगितलं नाही तर जुनाच चालतो; त्याला उत्तर सापडलं नाही तर नवा पुढे येतो आणि निदान उत्तर का नाही हे तरी नीट समजावतो. मुद्दाम वापरायचा असेल तर ‘एपीटी फुल-अपग्रेड --सॉल्व्हर ३.०’. अडलेल्या मशीनवर दोन्ही सॉल्व्हर ‘-एस’ लावून, म्हणजे फक्त नाटक म्हणून, चालवावेत आणि ‘काढणार’ या दोन याद्या शेजारीशेजारी ठेवाव्यात. फरक पडला तर वादाचं पॅकेज लगेच कळतं.

तरीही जुनी खोड गेलेली नाही. ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हे वाक्य वाचून लोक होल्डवर ठेवलेली (आवृत्ती गोठवलेली) पॅकेजं शोधत बसतात. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ रिकामं येतं आणि मग डोकं चालेनासं होतं. या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की मागितलेल्या सगळ्या अटी एकत्र पुऱ्या होत नाहीत, होल्ड असो वा नसो. कारण शोधायला तीन पायऱ्या पुरतात. ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ देऊन अडलेल्या पॅकेजच्या कुठल्या आवृत्त्या कुठल्या रेपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून) येतात ते पाहा. मग ‘एपीटी लिस्ट ?ऑब्सोलीट’ देऊन आता कुठल्याच रेपॉझिटरीत नसलेली पॅकेजं काढा. त्रास देणारं बहुतेक यांच्यातच सापडतं, कारण एखाद्या बाहेरच्या विक्रेत्याच्या पॅकेजने जुन्या लायब्ररीची अचूक आवृत्ती धरून ठेवलेली असते. तरीही उलगडलं नाही तर ‘-ओ डीबग::पीकेजीप्रॉब्लेमरिझॉल्व्हर=येस’. हा मजकूर लांबलचक असतो, पण शेवटून वर वाचत जा: कोणी कोणाला अडवलं हे ओळीओळीने दिसतं. ‘हे पॅकेज मुळात आलंच का’ हा साधा प्रश्न विचारायला मात्र ट्रिक्सीत अजूनही ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ लागतं, आणि ॲप्टिट्यूड वेगळं घालावं लागतं. या आवृत्तीची ही उणीव चांगलीच जाणवते.

ट्रिक्सीपुरती एक खास गोष्ट ठाऊक हवी, नाहीतर निरोगी अपग्रेडही आजारी वाटेल. ३२-बिट आर्किटेक्चरांवर वेळ मोजण्याचा प्रकार ६४-बिट करण्यासाठी शेकडो लायब्ररींची नावं बदलली, आणि शेवटी ‘टी६४’ लागलं. ‘लिबएसएसएल३’ जाऊन ‘लिबएसएसएल३टी६४’ येतं. नाव सगळ्या आर्किटेक्चरांवर सारखं ठेवल्यामुळे ज्यांच्या एएमडी६४, म्हणजे ६४-बिट मशीनवर प्रत्यक्षात काहीच बदललं नाही त्यांनाही जुनी लायब्ररी ‘काढणार’ यादीत दिसते. घाबरू नका, जोडीची ‘टी६४’ नवी यादीत आहे ना, एवढं बघा. नसेल तर मात्र थांबा.

याच कारणाने अपग्रेड दोन टप्प्यांत करण्याचा अधिकृत सल्ला पाळावा. आधी ‘एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज’, मग ‘एपीटी फुल-अपग्रेड’. पहिल्या टप्प्यात बरीच पॅकेजं ‘केप्ट बॅक’ राहतील, कारण त्यांना नव्या नावाच्या लायब्ररी हव्या असतात. ते अपेक्षितच आहे. पहिल्या टप्प्यानंतरही अर्धवट पॅकेजं शोधणारं ‘डीपीकेजी --ऑडिट’ काही बोललं तर दुसरा सुरू करू नका.

आता ट्रिगर. कल्पना साधी आणि चांगली आहे. शंभर पॅकेजं मॅन पानं (आज्ञांची मदतपानं) टाकत असतील तर त्यांची अनुक्रमणिका शंभर वेळा का बांधायची? प्रत्येक पॅकेज फक्त खूण करतं, आणि मॅन-डीबी शेवटी एकदाच काम करतं. लिबसी-बिन लायब्ररींची नोंद ताजी करणाऱ्या ‘एलडीकॉन्फिग’साठी, इनिटरॅमएफएस-टूल्स बूट प्रतिमेसाठी, फॉन्टकॉन्फिग फॉन्टच्या साठ्यासाठी असंच थांबतं. लोहित देवनागरी फॉन्ट घातला की शेवटी जी ‘प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर फॉन्टकॉन्फिग’ ओळ येते ती हीच.

खूण दोन प्रकारांनी होते. एकात पॅकेज एखाद्या फोल्डरवर नजर ठेवतं, आणि तिथे कोणाचीही फाइल आली की जागं होतं. दुसऱ्यात ठरावीक नावाने हाक मारली जाते. डीपीकेजी ही सगळी नोंद ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/ट्रिगर्स’ मध्ये ठेवतं. तिथली ‘फाइल’ नावाची फाइल फोल्डरांची यादी असते, आणि ‘अनइनकॉर्प’ मध्ये झालेल्या पण अजून मुख्य नोंदीत न चढलेल्या खुणा असतात. कोणावर काम बाकी आहे हे ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ मध्ये ‘ट्रिगर्स-पेंडिंग’ आणि ‘ट्रिगर्स-अवेटेड’ या शब्दांनी शोधता येतं. ही फाइल वाचायची, हाताने बदलायची नाही.

गोची ‘अवेट’ आणि ‘नोअवेट’ या भेदात आहे. साध्या प्रकारात खूण करणारं पॅकेज ट्रिगरचं काम होईपर्यंत ‘ट्रिगर्स-अवेटेड’ स्थितीत लटकतं, आणि त्या स्थितीतलं पॅकेज इतरांची डिपेंडन्सी पुरी करत नाही. ‘नोअवेट’ असेल तर खूण करून ते मोकळं. ‘डीपीकेजी -एल’ च्या पहिल्या स्तंभातलं दुसरं अक्षर हेच सांगतं. मोठा डब्ल्यू म्हणजे दुसऱ्याच्या कामाची वाट पाहतंय, छोटा टी म्हणजे स्वतःचं काम बाकी आहे, मोठा यू म्हणजे नुसतं उलगडलेलं, मोठा एफ म्हणजे कॉन्फिगर होताना पडलेलं, मोठा एच म्हणजे फाइली टाकतानाच तुटलेलं. अडलेल्या मशीनवर आधी एफ आणि एच शोधा. यू आणि डब्ल्यू हे बहुधा नुसते मागे खोळंबलेले असतात.

यावरून संदेश वाचायची पद्धत ठरते. शेवटी जी ‘एरर्स वेअर एन्काउंटर्ड व्हाइल प्रोसेसिंग’ म्हणून यादी येते तिच्यात पाच नावं असली तर खरा बिघाड बहुतेक एकाच जागी असतो. बाकीची चार ‘डिपेंडन्सी प्रॉब्लेम्स - लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड’ वाली असतात. त्यामुळे यादी वाचू नका. ‘/व्हार/लॉग/एपीटी/टर्म.लॉग’ उघडा, त्या दिवसाच्या नोंदीत वरून खाली येत पहिला ‘एरर प्रोसेसिंग’ शोधा आणि त्याच्या वरच्या दहा-वीस ओळी वाचा. खरं कारण तिथे असतं, आणि ते डीपीकेजीने नव्हे तर त्या पॅकेजच्या स्क्रिप्टने छापलेलं असतं.

सगळ्यात जास्त दिसणारं उदाहरण: ‘एरर प्रोसेसिंग पॅकेज इनिटरॅमएफएस-टूल्स’. इनिटरॅमएफएस-टूल्सचा यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. वरच्या ओळीत ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असतं: ‘/बूट’ भरलेलं. नवी प्रतिमा आधी ‘.न्यू’ शेपटाने जुनीच्या शेजारी लिहिली जाते आणि मग जागा घेते, म्हणजे क्षणभर दोन्हींना जागा लागते. ट्रिक्सीच्या प्रसिद्धी-टिपा ‘/बूट’ किमान ७६८ एमबी आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी असावी असं सांगतात. काही वर्षांपूर्वी इन्स्टॉलरने आपसूक पाडलेली विभागणी याहून बरीच लहान सापडते. उपाय असा. ‘यूनेम -आर’ ने चालू कर्नल (प्रणालीचा गाभा) ओळखा. ‘डीपीकेजी -एल’ ला ‘लिनक्स-इमेज’ ची यादी विचारा. चालू आणि नवा सोडून उरलेले ‘एपीटी पर्ज’ ने काढा. अर्धवट स्थितीमुळे एपीटीने नकार दिला तर सगळ्यात जुन्या कर्नलची ‘इनिटआरडी’ प्रतिमा तात्पुरती दुसऱ्या डिस्कवर हलवा, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा आणि मग ते जुनं कर्नल रीतसर पर्ज करा. विभाग मोठा करणं शक्य नसेल तर ‘इनिटरॅमएफएस.कॉन्फ’ मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ चं ‘डेप’ केल्याने प्रतिमा लक्षणीय लहान होते; मात्र ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच याची खात्री उरत नाही.

डीकेएमएसची (कर्नलसाठी बाहेरची मॉड्यूलं बांधणाऱ्या साधनाची) गंमत याच जातीची. ट्रिक्सीचं कर्नल ६.१२ मालिकेतलं आहे. बाहेरून घातलेलं जुनं मॉड्यूल त्यावर बांधलं गेलं नाही की नाव येतं ‘लिनक्स-इमेज’ किंवा ‘लिनक्स-हेडर्स’ चं. कर्नल ठणठणीत असतं. त्याच्या पोस्टइन्स्टने (इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टने) बोलावलेली डीकेएमएसची कडी तुटते. पुरावा ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’ खाली त्या मॉड्यूलच्या ‘बिल्ड’ फोल्डरमधल्या ‘मेक.लॉग’ मध्ये. ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहा, नको ते मॉड्यूल आणि आवृत्ती देऊन ‘डीकेएमएस रिमूव्ह’ ला ‘--ऑल’ जोडा, आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’.

ट्रिगरचं चक्र ही वेगळी जमात. ‘सायकल फाउंड व्हाइल प्रोसेसिंग ट्रिगर्स’ आणि मागोमाग ‘ट्रिगर्स लूपिंग, अबँडन्ड’. समजा ‘अ’ चा ट्रिगर ‘ब’ ने उठवला, म्हणून ‘ब’ लटकलंय; पण ‘अ’ ची डिपेंडन्सी ‘ब’ वरच आहे, आणि लटकलेलं ‘ब’ ती पुरी करत नाही. दोघंही ‘आधी आप’ करत बसतात. २०१५ च्या जेसी आवृत्तीच्या आसपास अशा तक्रारी बऱ्याच आल्या, आणि नंतर अनेक पॅकेजांनी आपले ट्रिगर ‘नोअवेट’ केले. आता हे मुख्यतः तिसऱ्याच कोणाच्या जुन्या डेबमुळे (पॅकेजच्या फाइलमुळे) होतं. इथे डीपीकेजी शहाण्यासारखं वागतं: साखळीतल्या एका पॅकेजचा नाद सोडतं आणि त्याला ‘अर्ध-कॉन्फिगर’ म्हणून नोंदवतं. पुढच्या ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ मध्ये ते पॅकेज ट्रिगर म्हणून नव्हे तर साध्या कॉन्फिगरच्या वाटेने जातं आणि गाठ सुटते. नुसती तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर ‘आपोआप’ बरं झालं असं लोकांना वाटतं ते यामुळे.

दुसऱ्यांदाही अडलं तर एकेक नाव देऊन कॉन्फिगर करा, साखळीत जे सगळ्यांच्या मुळाशी आहे त्यापासून. मग ‘डीपीकेजी --ट्रिगर्स-ओन्ली -ए’. ही आज्ञा काही पॅकेजं मधल्या स्थितीत सोडू शकते, म्हणून शेवटी ‘डीपीकेजी --कॉन्फिगर --पेंडिंग’ द्यावंच. ‘टू मेनी एरर्स’ म्हणत डीपीकेजी थांबलं तर घाबरायचं कारण नाही. मर्यादा मुळात ५० चुकांची आहे आणि ‘--ॲबॉर्ट-आफ्टर’ ने वाढवता येते.

आत डोकावायची खिडकीही आहे, फक्त ती फार कमी लोक उघडतात. ‘डीपीकेजी -डी१०००२ --कॉन्फिगर -ए’. यातलं १०००० ट्रिगरची उठाठेव दाखवतं आणि २ स्क्रिप्ट कुठली, कशी चालली ते. आकडे अष्टमान पद्धतीचे आहेत आणि बेरजेने जोडायचे. २०००० लावलं तर तपशील आणखी वाढतो, ४०००० च्या वाटेला जाऊ नका. ट्रिगरची स्क्रिप्ट एकटी चालवून पाहायची तर ‘एसएच -एक्स’ ला ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ मधली त्या पॅकेजची ‘.पोस्टइन्स्ट’ फाइल, पुढे ‘ट्रिगर्ड’ हा शब्द आणि ट्रिगरचं नाव द्या. कुठल्या ओळीवर पडतं ते डोळ्यांसमोर दिसतं. इतकी चांगली सोय असून साध्या चुकीच्या संदेशात तिचा उल्लेखही नाही. ट्रिगरसाठी गुण कापले आहेत ते याच कारणाने.

इंटरनेटवर फिरणारा एक उपाय मात्र वापरू नये: ‘इन्फो’ फोल्डरमधल्या त्या पॅकेजच्या फाइली हलवा किंवा पुसा. चूक खरंच गायब होते, कारण चालवायला स्क्रिप्टच उरत नाही आणि डीपीकेजी पॅकेजला कॉन्फिगर झालं असं समजतं. लिबसी-बिनच्या बाबतीत म्हणजे ‘एलडीकॉन्फिग’ न चालवता पुढे जाणं. शिवाय ‘.लिस्ट’ फाइल गेली की त्या पॅकेजच्या फाइली कुठल्या हेच डीपीकेजीला कळत नाही. फाइली गेल्याच असतील तर ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ आणि ‘/व्हार/बॅकअप्स’ मधल्या ‘डीपीकेजी.स्टेटस’ च्या जुन्या प्रती, एवढाच आधार आहे. लॉक फाइल पुसणंही त्याच पंक्तीतलं. एपीटी आता लॉक कोणी धरलाय तो प्रक्रिया क्रमांक स्वतःच सांगतं. बहुतेक वेळा ती पार्श्वभूमीला चाललेली आपोआप-अपग्रेड असते. ‘-ओ डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=१२०’ देऊन वाट पाहा.

मॅन-डीबीचा ट्रिगर संथ डिस्कवर किंवा छोट्या क्लाउड मशीनवर मिनिटंच्या मिनिटं घेतो. तो बिघाड नाही. सर्व्हरवर मॅन पानं शोधत नसाल तर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर मॅन-डीबी’ करून आपोआप अनुक्रमणिका बांधणं बंद करा.

शेजाऱ्यांशी तुलना करायची तर आर्च लिनक्सच्या पॅकमनमध्ये हुक असतात, फेडोरासारख्यांच्या आरपीएममध्ये फाइल-ट्रिगर. पॅकमनचा व्यवहारानंतरचा हुक पडला तर पॅकेज तुटलेलं म्हणून नोंदलं जात नाही. पुढचं काम अडत नाही, पण बिघाडही कोणी लक्षात ठेवत नाही. डीपीकेजी अडून बसतं आणि विसरत नाही. सर्व्हरसाठी मला दुसरा स्वभाव बरा वाटतो. मागे फिरायची सोय मात्र ट्रिक्सीत नाही, त्यामुळे बीटीआरएफएस किंवा एलव्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, आधी घ्या. एसएसएचने दुरून काम करत असाल तर स्क्रीन किंवा टीमक्समध्येच, म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहतं.

गुण द्यायचे तर डिपेंडन्सीला पाचपैकी चार, नोंदवहीला साडेचार, ट्रिगरच्या संदेशांना दोन.

राहता राहिल्या बाहेरच्या रेपॉझिटरी. फुल-अपग्रेडआधी त्या बंद कराव्यात हे सगळे सांगतात. ट्रिक्सीत त्याला आणखी एक कारण जोडलं गेलं. एपीटी आता सह्या तपासायला सेक्वॉया प्रकल्पाचं साधन वापरतं, आणि त्याच्या धोरणात १ फेब्रुवारी २०२६ पासून एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीवर टेकलेल्या सह्या नाकारल्या जातात. कालपर्यंत चालणारी रेपॉझिटरी ‘एपीटी अपडेट’ ला अडते ती बहुधा यामुळे. ‘एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस’ ने जुन्या याद्या नव्या स्वरूपात येतात आणि मूळ फाइली ‘.बॅक’ म्हणून शिल्लक राहतात, पण सही तपासायची किल्ली जुनीच राहते. ती त्या विक्रेत्याकडून नवी घ्यावी लागते.